बालवाचकाचा सोबती : साने गुरुजी, विंदा करंदीकर आणि माधुरी पुरंदरे यांच्या बालसाहित्याच्या आधारे वाचनविकासाचा विचार

प्रस्तावना

मुलांच्या वाचनाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले व बोलले जाते. या चर्चेचा सूर बहुधा तक्रारीचा असतो. दूरचित्रवाणी घरोघरी आली तेव्हा तिला दोष दिला गेला, आज तो भ्रमणध्वनीला दिला जातो. दुसरीकडे उपक्रमांचीही वाण नाही. २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा १५ ऑक्टोबर हा जन्मदिवस महाराष्ट्रात 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. २०१७ मध्ये सातारा जिल्ह्यातील भिलार हे 'पुस्तकांचे गाव' म्हणून नावारूपास आले. हे उपक्रम स्वागतार्हच आहेत. परंतु तक्रार आणि उपक्रम या दोहोंच्या मुळाशी एक समान गृहीतक आढळते. मूल आणि पुस्तक समोरासमोर आणले, मधला अडथळा दूर केला, की वाचन आपोआप घडते, असे ते गृहीतक होय. प्रस्तुत लेखात हे गृहीतक तपासून पाहावयाचे आहे.

या प्रश्नाला सिंधुदुर्ग जिल्ह्यात एक वेगळे परिमाण आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे कोकण विभागीय मंडळ २०१२ पासून दहावीच्या निकालात राज्यात सातत्याने पहिले येत आहे. २०२५ मध्ये या विभागाचा निकाल ९८.८२ टक्के लागला. त्यामुळे आपल्याकडे वाचनाचा प्रश्न नाही, असा समज सहज रूढ होतो. प्रत्यक्षात पदवीच्या प्रथम वर्षाला शिकविणाऱ्या प्राध्यापकांचा अनुभव निराळा आहे. उत्तीर्ण होऊन आलेल्या विद्यार्थ्यासमोर दोन पानांचा अपरिचित ललित निबंध ठेवला, तर तो त्याचे शब्द उच्चारू शकतो. मात्र लेखक काय म्हणतो आहे, असे विचारताच तो मार्गदर्शकाकडे वळतो. परीक्षेतील यश आणि वाचनक्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांच्यातील अंतर महाविद्यालयात दिसून येत असले, तरी ते पडते बालवयात.

वाचन : उच्चारण आणि आकलन

फिलिप गॉ आणि विल्यम टन्मर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाविषयी एक साधी मांडणी केली. वाचनातून होणारे आकलन हा दोन घटकांचा गुणाकार आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पहिला घटक लिपी उलगडण्याची क्षमता आणि दुसरा घटक ऐकलेली भाषा समजण्याची क्षमता. येथे बेरजेऐवजी गुणाकार आहे, हे महत्त्वाचे. दोहोंपैकी एक घटक शून्य असेल तर फळही शून्यच येते. अक्षरे ओळखणाऱ्या, परंतु पुस्तकाची भाषा कानांना अपरिचित असलेल्या मुलाचे वाचन म्हणूनच कोरडे राहते.

देवनागरीच्या संदर्भात पहिला घटकही वाटतो तितका सोपा नाही. मुळाक्षरे, बाराखडी, जोडाक्षरे आणि रफार यांमुळे मुलाला शेकडो अक्षररूपांशी परिचय करून घ्यावा लागतो. सोनाली नाग यांनी कन्नड वाचनाविषयी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा लिपीचे पूर्ण आकलन प्राथमिक शाळेची पहिली काही वर्षे चालूच राहते, असे दाखविले. देवनागरीची घडण त्याच जातीची आहे. तेव्हा पहिलीच्या अखेरीस मुलाला 'वाचता येऊ लागले' असे मानून मोठ्यांनी आपला हात काढून घेणे, हे अकाली ठरते.

'असर' या ग्रामीण सर्वेक्षणानुसार देशातील शासकीय शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०२२ मध्ये १६.३ टक्के होती. २०२४ मध्ये हे प्रमाण २३.४ टक्क्यांवर आले. सुधारणा निश्चित आहे. तथापि चारांपैकी तीन मुले अद्याप त्या पातळीखाली आहेत. आरंभी मागे पडलेले मूल कमी वाचते, कमी वाचल्यामुळे त्याचा शब्दसंग्रह वाढत नाही आणि शब्दसंग्रहाअभावी पुढील इयत्तेचे प्रत्येक पुस्तक त्याला अधिक अवघड जाते. हे अंतर वर्षागणिक रुंदावत जाते, हीच चिंतेची बाब आहे.

बालसाहित्याच्या समीक्षेतील एक उणीव

मराठी बालसाहित्याची समीक्षा दीर्घकाळ दोन निकषांभोवती फिरत राहिली. पहिला संस्काराचा आणि दुसरा मनोरंजनाचा. पुस्तकातून मुलावर कोणते संस्कार होतात, अथवा पुस्तक मुलाला किती रमविते, असे प्रश्न विचारले गेले. दोन्ही प्रश्नांत पुस्तक आणि मूल असे दोनच घटक गृहीत आहेत. वस्तुतः बालसाहित्य, विशेषतः आठ-नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांचे साहित्य, क्वचितच एकट्याने वाचले जाते. ते कोणीतरी निवडते, विकत आणते, वाचून दाखविते, त्यावर बोलते. हा प्रौढ सोबती बालसाहित्याचा दुसरा वाचक होय. साहित्यकृती या सोबत्याला कोणते काम देते, हा प्रश्न समीक्षेने पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही. पुढील तीन उदाहरणांतून तो विचारावयाचा आहे.

'श्यामची आई' : ऐकण्याचे पुस्तक

साने गुरुजींनी 'श्यामची आई' हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. कोकणातील पालगड हे त्यांचे जन्मगाव या पुस्तकाची पार्श्वभूमी आहे. त्याच्या आशयाविषयी विपुल लेखन झाले आहे. येथे त्याच्या रचनेकडे लक्ष वेधावयाचे आहे. या पुस्तकात प्रकरणे नाहीत, 'रात्री' आहेत. आश्रमातील सायंकाळच्या प्रार्थनेनंतर श्याम आपल्या मित्रांना एकेका रात्री एकेक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री पुस्तकात आहेत. म्हणजे मराठीतील हे सर्वाधिक परिचित कुमारवाङ्मय मुळात 'सांगितलेले' आहे. सांगणारा, ऐकणारे, मध्येच येणारा प्रश्न, उद्यावर सोपविलेली गोष्ट, हे सारे त्याच्या घडणीतच समाविष्ट आहे.

शाळेत मात्र या पुस्तकाचा उपयोग बहुधा सुविचारासाठी होतो. एक उतारा, त्याखाली 'या पाठातून काय बोध मिळतो' असा प्रश्न आणि ठरलेले उत्तर. यामुळे कृतीचे श्राव्य रूप हरवते व तिच्याशी प्रामाणिक संवादही होत नाही. या पुस्तकातील दारिद्र्य, जातिव्यवहार आणि आईचे आत्मविलोपन यांविषयी आजच्या मुलाला प्रश्न पडणारच. ते विचारू देणे ही कृतीची अवहेलना नव्हे. रोज एक 'रात्र' मोठ्याने वाचणारा पालक वा शिक्षक त्या प्रश्नांना वाट करून देऊ शकतो. बोधाची चौकट ती बंद करते.

ऐकण्याचे महत्त्व केवळ भावनिक नाही. मुलाला वाचता येते त्याहून कितीतरी अवघड भाषा त्याला ऐकून समजते. मोठ्याने वाचून दाखविल्यामुळे लांब वाक्यांची रचना, बोलण्यात न येणारे शब्द आणि कथनाचे वळण त्याच्या कानांवर पडते. वर उल्लेखिलेल्या गुणाकारातील दुसरा घटक असा वाढतो.

विंदांची बालकविता : नादाशी खेळ

विंदा करंदीकर यांचा जन्म १९१८ मध्ये आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील धालवली येथे झाला. ज्ञानपीठ पुरस्काराने सन्मानित या कवीने 'राणीची बाग', 'एकदा काय झाले', 'एटू लोकांचा देश', 'परी गं परी', 'अजबखाना', 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ', 'अडम तडम' असे अनेक बालकवितासंग्रह लिहिले. मराठी बालकवितेला उपदेशाच्या ओझ्यातून मोकळे करण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. 'एटू लोकांचा देश' रूढ तर्काला उलटे करतो, पिशीमावशीच्या जगात भुतांचे भय हास्यात विरते, तर 'अडम तडम' या नावातच मुलांच्या खेळातील गणतीचा ठेका आहे. शब्दाचा अर्थ लागण्यापूर्वी त्याचा नाद मुलाला पकडतो, याचे भान या कवितेला आहे.

लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्लंडमधील संशोधनात, शाळापूर्व वयात यमक व अनुप्रास ओळखण्याची क्षमता आणि पुढील वाचनप्रगती यांचा निकटचा संबंध आढळला. इंग्रजीतील निष्कर्ष देवनागरीला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे खरे. तथापि शब्दाचे तुकडे कानांनी ओळखणे ही कोणत्याही लिपीची पूर्वअट आहे. निरर्थक वाटणाऱ्या यमकांशी खेळणारे मूल नेमके हेच करीत असते.

येथे सोबत्याचे काम वेगळे आहे. त्याने कविता म्हणावयाची, हावभाव करावयाचे, शेवटचा शब्द गाळून मुलाला तो भरू द्यावयाचा, नवे यमक जुळवू द्यावयाचे. शाळेतील 'कवितेचे पाठांतर' आणि 'शब्दार्थ' ही पद्धत या खेळाला लगेच कामात रूपांतरित करते. विसंगतीच्या कवितेचा शब्दार्थ लिहून घेणे म्हणजे तिचा प्राणच काढून घेणे होय.

माधुरी पुरंदरे यांची पुस्तके : चित्र आणि संवाद

चित्रकार व लेखिका माधुरी पुरंदरे यांना बालसाहित्यातील योगदानासाठी २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. 'राधाचं घर' या मालिकेत लहान मुलीच्या नजरेतून घरातील माणसांची ओळख होते. 'वाचू आनंदे' या संपादित ग्रंथमालेत मराठी साहित्यातील वेचे आणि भारतीय चित्रकला यांची सांगड घातलेली आहे. या पुस्तकांतील चित्र मजकुराची नक्कल करीत नाही. मजकुरात न सांगितलेले काही चित्रात असते व चित्रात नसलेले मजकुरात. या दोहोंमधील जागा संवादाने भरावयाची असते.

ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अमेरिकेत केलेल्या अभ्यासात, चित्रपुस्तक वाचताना पालकांनी खुले प्रश्न विचारले आणि मुलाच्या उत्तरात भर घातली, तर त्याची भाषा लक्षणीयरीत्या विकसित होते, असे दिसून आले. 'हे काय आहे?' या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात संपते. 'आजोबा असे का बसले असतील?' या प्रश्नाला मुलाला वाक्य रचावे लागते.

या पुस्तकांची मर्यादाही नोंदविली पाहिजे. मराठी चित्रपुस्तकांचे जग प्रामुख्याने नागर, मध्यमवर्गीय आहे. दोडामार्ग तालुक्यातील मुलाला आपले खळे, काजूची बाग, तिलारीचे पात्र वा रानातून उतरणारा हत्ती त्यात सहसा भेटत नाही. दुसऱ्याचे जग पाहणे हा वाचनाचा लाभ आहेच. परंतु आपले जग पुस्तकात कधीच न दिसणे म्हणजे पुस्तक आपल्यासाठी नाही, असे मुलाला सुचविणे होय.

बोली, प्रमाणभाषा आणि स्थानिक वारसा

हा मुद्दा भाषेपर्यंत येऊन भिडतो. १९९९ मध्ये सावंतवाडीतून वेगळा झालेला दोडामार्ग तालुका गोवा आणि कर्नाटक यांच्या सीमेवर आहे. येथील मूल घरी 'खंय', 'कित्याक', 'चेडू', 'झील' असे शब्द ऐकत वाढते आणि शाळेत त्याला 'कुठे', 'कशाला', 'मुलगी', 'मुलगा' हे शब्द भेटतात. म्हणजे अक्षर शिकतानाच त्याला एक नवे भाषारूप शिकावे लागते. अशा वेळी बोलीला 'अशुद्ध' ठरविले, तर मूल बोलणेच थांबविते आणि आकलनाचा स्रोत आटतो.

न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकविणाऱ्या सिल्व्हिया अॅश्टन-वॉर्नर यांनी 'टीचर' या १९६३ च्या ग्रंथात आपली पद्धत मांडली. मुलाने स्वतः मागितलेला, त्याच्या भावविश्वातील शब्द हाच त्याचा पहिला वाचनपाठ. महाराष्ट्रातही असे प्रयत्न झाले आहेत. मूळच्या अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी फलटण येथे उभारलेल्या प्रगत शिक्षण संस्थेने मुलाच्या भाषेला आणि अर्थपूर्ण वाचनाला आरंभापासून स्थान दिले. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने मुलांच्या अनुभवातून लेखन-वाचन घडविले. याच धर्तीवर मुलाने सांगितलेली गजाल शिक्षकाने त्याच्या शब्दांत फळ्यावर लिहावी, सर्वांनी ती वाचावी, मग तीच प्रमाण मराठीत कशी लिहितात ते पाहावे. बोलीकडून प्रमाणभाषेकडे जाणारी ही वाट प्रत्येक शाळेला विनाखर्च उपलब्ध आहे.

आपल्या जिल्ह्यात या वाटेला पूरक असा वारसाही आहे. दशावतारात पौराणिक पात्रे ग्रांथिक वळणाची मराठी बोलतात, तर विनोदी पात्र मालवणीत बोलून हशा पिकविते. जत्रेत रात्रभर जागणारे मूल दोन्ही भाषारूपे अर्थासह ऐकत असते. कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाची चित्रकथी ही चित्र दाखवीत कथा सांगण्याची परंपरा आहे. या परंपरेचे जतन करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. चित्रावर बोलत गोष्ट फुलविणे आपल्याकडे परदेशी संशोधनापूर्वीपासून आहे. शाळेने मात्र त्याचा संबंध स्नेहसंमेलनाशी जोडला, वाचनाशी जोडला नाही.

पालक व शिक्षक : भूमिकांचा पुनर्विचार

पालकांविषयी बोलताना वास्तवाचे भान ठेवावे लागते. तालुक्यातील अनेक पालक रोज कामासाठी गोव्यात जातात. काजूच्या हंगामात सारे घर बागेत असते. आजी-आजोबांना पुष्कळदा वाचता येत नाही. 'पालकांनी मुलांना पुस्तके विकत घेऊन द्यावीत' हा सल्ला अशा घरांना अपुरा आहे. परंतु सोबत्याचे काम केवळ साक्षराचेच नसते. आजीने गोष्ट सांगणे, मुलाने वाचलेले पान वडिलांनी ऐकणे, चित्र पाहून बोलणे, थोरल्या भावंडाने धाकट्याला वाचून दाखविणे, ही सर्व वाचनविकासाचीच अंगे आहेत. रोजची दहा-पंधरा मिनिटे आणि न रागावता ऐकणारा माणूस, एवढी त्याची किमान गरज आहे. पुस्तकांसाठी बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंक संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. ज्या भ्रमणध्वनीला आपण दोष देतो, त्याच्याच पडद्यावर ते मुलासोबत वाचता येतात.

शिक्षकांसमोरील अडचणीही मोठ्या आहेत. वाडीवस्तीवरील कमी पटाच्या शाळेत एक-दोन शिक्षकांना अनेक इयत्ता सांभाळाव्या लागतात. तथापि अशा शाळेत एक सुप्त सामर्थ्यही असते. निरनिराळ्या वयाची मुले एकत्र बसत असल्याने मोठ्याने वाचणे आणि थोरल्याने धाकट्याला साहाय्य करणे तेथे स्वाभाविक ठरते. आवश्यकता आहे ती वेळापत्रकात या वेळेला मान्यता देण्याची. आज ही वेळ 'रिकामा तास' समजली जाते. शिक्षक स्वतः वर्गात आनंदाने वाचताना दिसणे, हेही मुलांसाठी एक शिक्षणच आहे. एका दिवसाच्या वाचन उपक्रमाचे छायाचित्र अहवालात जाते. रोजच्या पंधरा मिनिटांचे जात नाही. म्हणून पहिल्याला प्राधान्य मिळते, आणि आपल्या वाचनविषयक धोरणाची हीच खरी उणीव आहे.

समारोप व निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. बालवाचन ही मूल, पुस्तक आणि प्रौढ सोबती यांची संयुक्त क्रिया आहे. बालसाहित्याच्या समीक्षेने या सोबत्याचा विचार कृतीच्या रचनेचा भाग म्हणून करावा.

२. 'श्यामची आई' ऐकविणे, विंदांच्या कवितेशी खेळणे आणि पुरंदरे यांच्या चित्रांवर बोलणे या सोबत्याच्या तीन भिन्न कृती आहेत. बोध, पाठांतर आणि शब्दार्थ या शालेय पद्धती त्या तिन्हींना बाधक ठरतात.

३. मालवणी बोली वाचनातील अडसर नसून आकलनाचे पहिले साधन आहे. बोलीतील मजकुरापासून प्रमाण मराठीकडे जाण्याची पद्धत प्राथमिक वर्गात अवलंबावी.

४. गजाली, दशावतार व चित्रकथी या परंपरांचा वाचनशिक्षणाशी संबंध जोडल्यास निरक्षर पालकांनाही या प्रक्रियेत सहभागी होता येईल.

५. वाचन उपक्रमांचे मूल्यमापन पुस्तकांच्या वा दिवसांच्या संख्येवरून न करता मुलासोबत नियमित वाचल्या गेलेल्या वेळेवरून व्हावे.

यात महाविद्यालयांचाही वाटा आहे. मराठी विभागाने पदवीच्या विद्यार्थ्यांना बालसाहित्य केवळ वाङ्मयप्रकार म्हणून न शिकविता जवळच्या प्राथमिक शाळेत आठवड्यातून एकदा वाचून दाखविण्याचे काम द्यावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आजी-आजोबांच्या गजाली लिहून घेऊन त्यांची छोटी वाचनपुस्तिका शाळेला द्यावी. यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही. प्रथम वर्षाच्या वर्गात मार्गदर्शकाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल आपण खंत व्यक्त करतो. तो विद्यार्थी दहा वर्षांपूर्वी कोणत्या तरी वाडीवरच्या शाळेत, कोणीतरी सोबत वाचावे म्हणून थांबलेला होता. आज त्याच शाळेत बसलेल्या मुलांपर्यंत पोहोचणे आपल्याला शक्य आहे, आणि ते आपल्या अध्यापनाच्या कक्षेबाहेरचे मानता येणार नाही.